गालिचा नसलेल्या घरातलं यंत्र

आमच्या घरात गालिचा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिकत मी ज्याला ज्याला सांगितली त्या प्रत्येकानं मला मधेच थांबवून हेच विचारलं आहे आणि दर वेळी माझा सांगण्याचा उत्साह पार गेला आहे. गालिचा नव्हता. एक सतरंजी होती, ती पाहुणे आले की पसरायची आणि गेले की घडी घालून कपाटावर टाकायची. बाकी सगळी शहाबादी फरशी. तर अशा घरात एका संध्याकाळी बाबा सायकलच्या कॅरिअरला व्हॅक्यूम क्लीनर बांधून घेऊन आले. हल्ली मिळतात तसला आटोपशीर नव्हे, उभा. खाली लोखंडी धूड, त्यात मोटर आणि फिरणारा ब्रश, मागून वर गेलेली लांबलचक दांडी, आणि त्या दांडीला लोंबकळणारी काळी, मळकी, लांबोडकी कापडी पिशवी. दांडी पाठीत टोचायला लागली म्हणून बाबा कॅम्पापासून कोथरूडपर्यंत सायकल हातात धरून चालत आले होते. आईनं गॅलरीतून पाहिलं आणि आत वळून आत्याला म्हणाली, “वन्सं, तुमचे बंधू कुणाला तरी डबलसीट घेऊन आलेत.”

बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. खांद्याला कातडी बॅग लावून कचेऱ्याकचेऱ्यांतून हिंडायचे आणि अडकलेल्या अक्षरांना वठणीवर आणायचे. कॅम्पातल्या एका बंगल्यातली म्हातारी बाई घर आवरून मुलाकडे निघाली होती. तिचा टाइपरायटर चालू करून दिला तेव्हा तिनं हे यंत्र दाखवून सांगितलं, हे कित्येक वर्षं बंद आहे, तुम्ही नेलं नाहीत तर उद्या भंगारवाल्याला देणार. भंगारात निघालेली वस्तू बाबा एरवीही हमखास घरी आणायचे. पण या वेळी कारण निराळं होतं. आईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “आपल्याकडे गालिचा कुठाय?” बाबा दोऱ्या सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, “गालिचा नाही. अक्का आहे.” त्यावर आई स्वयंपाकघरात वळली. तिनं चहा टाकला.

अक्का म्हणजे माझी सिंधूआत्या, बाबांची थोरली बहीण. तिनं जन्मभर एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी केली, क्वार्टरमध्ये एकटी राहिली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर एक ट्रंक, एक वळकटी आणि एक इस्त्री घेऊन आमच्याकडे आली. माझ्या खोलीत तिची कॉट टाकली. मी सोळा वर्षांची, तेव्हा पहिले चार दिवस मी नाक मुरडलं असेल. पाचव्या दिवसापासून मला तिच्याशिवाय करमेना. ती मराठी मासिकांतल्या गोष्टी वाचून दाखवायची आणि शेवट आवडला नाही तर स्वतःचा बनवून सांगायची. शनिवारी बसनं पेठेत जायची, लायब्ररीतलं पुस्तक बदलायची, येताना पुडीतून भाजके फुटाणे आणायची. रस्त्यात निम्मे लोक तिला ओळखायचे. कुणाचं बाळंतपण तिच्या देखत झालेलं, कुणाचं अपेंडिक्स. मात्र हॉस्पिटलची एक सवय तिच्या अंगात मुरलेली होती. घरातलं कुठलंही कापड दिसलं की ते धुवायचं, उकळायचं, निळीतून काढायचं, खळ घालायची आणि कडक इस्त्री करायची. तिनं दिलेला रुमाल खिशात टोचायचा. उशीच्या अभ्र्यानं सकाळी गालावर वळ उठायचे. बाबा म्हणायचे, “अक्का, या चादरीला उभी कर, बघू उभी राहते का.”

तिला दमा होता. आणि आमचं कोथरूड त्या वर्षांत म्हणजे नुसता धुरळा. आज तिथं झाडं आहेत, दुकानं आहेत, गाडी लावायला जागा नाही म्हणून लोक एकमेकांवर खेकसतात. तेव्हा आमची सोसायटी एका बाजूला, आणि तिन्ही बाजूंनी पाया खणणं, मुरूम टाकणं, खडी फोडणं. दिवसभर ट्रक जायचे. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी बोटानं नाव लिहावं. आई केरसुणी घेऊन झाडायला लागली की उन्हाच्या पट्ट्यात धूळ नाचताना दिसायची आणि पाठोपाठ आत्याच्या श्वासातली शिट्टी सुरू व्हायची. ती शिट्टी मला आजही ऐकू येते. आई पाणी शिंपडून झाडायची, ओल्या फडक्यानं पुसायची, खिडक्या बंद ठेवायची, पण कपाटांच्या मागून, कॉटच्या खालून, फरशांच्या सांध्यांतून धूळ काही हटत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ टाळा, नाही तर हवापालट करा.

हवापालटाची सोय लगेच झाली. धाकटा दत्ताकाका आणि नलूकाकू चिपळूणला होते. त्याचं पत्र आलं: अक्काला इकडं पाठवून दे, इथं धूळ नाही, मोकळी हवा आहे, मुलंही लहान आहेत, नलूलाही सोबत होईल. रथसप्तमीला मी स्वतः न्यायला येतो. बाबांनी पत्र मोठ्यानं वाचलं. आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, “बरं झालं. कोकणातली हवा चांगलीच.” बाबा म्हणाले, “हो, हवा चांगली आहे.” आई म्हणाली, “हवा काय, चांगलीच असणार.” आणि झालं! तिघांनी मिळून हवेची एवढी तारीफ केली की ठरूनच गेलं. मी एकटी तोंड फुगवून बसले. पण सोळाव्या वर्षी तोंड फुगवलं तर लोक त्याला वयाचा दोष म्हणतात. रथसप्तमीला तीन आठवडे होते, आणि दुसऱ्याच दिवशी बाबा ते धूड घेऊन आले. कशासाठी ते मला कळलं, आणि मी तिथल्या तिथं ठरवलं की हे यंत्र चालू झालंच पाहिजे. चालू झालं तर आत्या राहील. माझ्या डोक्यात याच्या पुढे मागे काही नव्हतं.

गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरून आम्ही कामाला लागलो. आत्याला सक्त ताकीद होती, इकडं फिरकायचं नाही. ती दारात यायची, बाबा स्क्रू ड्रायव्हर उगारायचे, ती परत जायची. खालचं झाकण उघडलं तर आत ब्रशाचा लाकडी रूळ, आणि त्याला वर्षानुवर्षांचे केस, दोरे, लोकर असं काही गुंडाळलेलं की ब्रश कुठला ते कळेना. मी कात्रीनं आणि जुन्या ब्लेडनं ते सगळं कापून काढलं. केसांचे दोन आकडे निघाले, एक शिंपल्याचं बटण, आणि कुणाच्या तरी सोनेरी केसांची एक अख्खी बट. आई म्हणाली, “टाक बाई ते, कुणाचं काय.” मोटरीवरून रुळाकडे जाणारा रबरी पट्टा हात लावल्याबरोबर बिस्किटासारखा मोडला. कार्बनचे दोन तुकडे असतात, मोटरीला वीज पोचवणारे, ते झिजून नखाएवढे राहिलेले. बेअरिंगातलं ग्रीस वाळून त्याचा खडा झालेला. वायरीवरचं कापड कुजलेलं. बाबा एकेक भाग रॉकेलच्या वाटीत टाकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, मंगळागौरीला जागणाऱ्या बायकांसारखं समाधान होतं. टाइपरायटरांनी त्यांना कधी एवढा आनंद दिला असेल असं मला वाटत नाही. मला ते पहिल्यांदाच “हे धर”, “इकडं ये” याच्या पुढे जाऊन “तुला काय वाटतं?” असं विचारायला लागले.

कार्बनसाठी आम्ही बुधवार पेठेत गेलो. तिथं एका अरुंद बोळात जुन्या रेडिओंची, मोटरींची, वायरींची दुकानं होती. एका दुकानात गल्ल्यावर बसलेले गृहस्थ पेपर वाचत होते. बाबांनी नमुना पुढे ठेवला. त्यांनी तो चष्म्यावरून पाहिला.

“कशाचे?”

“व्हॅक्यूम क्लीनरचे.”

“गालिचे आहेत का घरात?”

“नाहीत.”

“मग झाडू मिळत नाही का कोथरूडला?”

कोथरूड हे आमच्या हातातल्या पिशवीवर छापलेल्या दुकानाच्या पत्त्यावरून त्यांनी ताडलं होतं. मला राहवेना. मी म्हटलं, “आत्याला दमा आहे. झाडलं की धूळ उडते.” गृहस्थांनी पेपर खाली ठेवला, आत गेले आणि बऱ्याच वेळानं कसल्या तरी मोठ्या मोटरीचे कार्बन घेऊन आले. म्हणाले, “तंतोतंत बसणार नाहीत. कानशीनं घासा, घाई करू नका. जास्त घासलेत तर परत माझ्याकडे येऊ नका.” आम्ही निघालो तेव्हा मागून ओरडले, “चालू झालं तर मात्र सांगायला या.” पुण्यातला माणूस याहून जास्त शुभेच्छा देत नाही.

पट्ट्यानं मात्र दमवलं. तसा पट्टा कुठंच मिळेना. बाबांनी ट्यूबची पट्टी कापून दोन्ही टोकं चिकटवून पाहिली. हातानं फिरवून बघितलं की सांधा सुटायचा. असे चार पट्टे झाले. पाचव्या दिवशी आई लोणच्याच्या बरणीला दादरा बांधत होती. ती त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून ठेवायची, आडव्या, बांगडीसारख्या. मी बघत होते आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उभी पट्टी कापायचीच कशाला? आडवी चकती कापली तर सांधाच नाही! मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या ट्यूबचा तुकडा आणला, दोन बोटं रुंद चकती कापली, ती रुळावर चढवली. बाबांनी हातानं रूळ फिरवला. फिरला. परत फिरवला. फिरला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “कुंदे, हे मला सुचायला हवं होतं.” माझ्या वडिलांनी मला आयुष्यात दिलेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा ट्यूबच्या चकतीचं उदाहरण किती वर्गांना दिलं असेल याची मोजदाद नाही.

या सगळ्यात आत्याला स्वस्थ बसवेना. “मला काही तरी द्या रे करायला,” ती रोज म्हणायची. बाबांनी पिशवी मोकळ्या जागेत नेऊन झटकून आणली होती आणि गॅलरीच्या कठड्यावर टाकली होती. एका दुपारी आम्ही बाहेर असताना आत्यानं नाकाला पट्टी बांधली आणि ती पिशवी ताब्यात घेतली. सोड्यात उकळली. तीन पाण्यांतून काढली. साबुदाण्याची दाट खळ केली, ती गाळली, पिशवी तिच्यात बुचकळून वाळवली आणि आतून बाहेरून इस्त्री केली. आम्ही आलो तर पिशवी टेबलावर आडवी ठेवलेली. मूळचा रंग करडा होता हे आम्हाला तेव्हा कळलं. वर एक लाल रेघही होती. आई बोट लावून म्हणाली, “अगंबाई, नवीच की!” बाबांनी ती हातात धरली, ती जरासुद्धा वाकली नाही. “अक्का,” ते म्हणाले, “ही घालून लग्नाला जाता येईल.” आत्या इतकी खूश झाली की त्या दिवशी तिनं आईला बाजूला सारून स्वतः कांद्याची थालीपीठं लावली, आणि आम्ही ती लोण्याशी खाल्ली. मी चार खाल्ली. तिच्या हातच्या थालीपिठाला मधे भोक पाडलेलं असायचं, त्यातून कडेनं सोडलेलं तेल चुरचुरत असायचं, तो आवाज आणि कांद्याचा वास, आणि कोपऱ्यात उभं केलेलं आमचं ते यंत्र. फार छान दिवस होते ते. घरात सगळ्यांचं एकाच गोष्टीकडे लक्ष लागलेलं असणं, यासारखं सुख नाही.

रविवारी सकाळी सगळं जोडून बाबांनी बटण दाबलं. यंत्र चालू झालं! काय तो आवाज! खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू लगोलग वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “गिरणी टाकलीत का? नाही, दळण आणू का विचारायला आले.” बाबांचं कुणाकडं लक्ष नव्हतं. त्यांनी फरशीवर बंबातली मूठभर राख टाकली आणि यंत्र तिच्यावरून नेलं. राख आत जाईना. ब्रश फिरत होता, त्यानं ती पुढे उडवली. परत नेलं, परत उडाली. मोटर नुसती चढ्या सुरात किंचाळत होती. दोन मिनिटांत खोलीभर राख झाली आणि आत्याला खोकल्याची उबळ आली. आईनं तिला धरून स्वयंपाकघरात नेलं. बाबांनी बटण बंद केलं. तिथं उभ्या उभ्या ते मला एकदम म्हातारे दिसले. थोड्या वेळानं आत्या पदरानं डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “असू दे रे सदा. एवढं केलंस, पुरे झालं. चिपळूणची हवा चांगली आहे.” त्या दुपारी तिनं ट्रंक कॉटखालून बाहेर ओढली.

पुढचे आठ-दहा दिवस बाबांनी त्या मोटरीला छळलं. परत उघडली, पंखा काढला, परत लावला, कार्बन बदलले, तोंडाशी फटी राहिल्यात का पाहिलं, त्या मेणानं बुजवल्या. आवाज तोच, राख जिथल्या तिथं. मी शाळेतून आले की दारातूनच त्यांच्या पाठीकडे बघायची आणि काय ते कळायचं. आत्या रोज एकेक वस्तू ट्रंकेत ठेवत होती. मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. का? तर ती जाते म्हणून! आता विचार केला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ती बिचारी मासिक उघडून “वाचू का?” म्हणायची आणि मी भिंतीकडे तोंड करायची.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी दत्ताकाका आला. भला माणूस, गडगडाटी हसणारा. येताना आमसुलं आणि पोह्याचे पापड घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची एस.टी. होती. सकाळी गॅलरीत सूर्याला दूध दाखवून झालं, आत्याची ट्रंक आणि वळकटी दाराशी आली. काका परीटघडीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसला होता. बाबा मात्र हट्टानं यंत्रापाशी. “एकदा मोटर नुसती ऐकतो,” म्हणाले. त्यांनी पिशवी काढून बाजूला ठेवली, कारण ती कडक पिशवी मोटरीशी घासून खरखरते असं त्यांना वाटत होतं, आणि बटण दाबलं. आवाज एकदम निराळा आला. खोल, भरदार. मी कान टवकारले. बाबांनीही मान वाकडी केली. आणि त्यांनी सवयीनं यंत्र जरा पुढे ढकललं. पुढे फरशीवर कालच्या प्रयोगातली राख पडलेली होती. ती क्षणात गडप झाली, आणि मागच्या भोकातून, जिथं पिशवी लावायची असते तिथून, जी पिचकारी उडाली ती थेट दत्ताकाकाच्या शर्टावर, तोंडावर.

काका उठून उभा राहिला. चेहऱ्याच्या जागी दोन डोळे तेवढे दिसत होते. “अरे दादा, हे काय!” तो ओरडला. बाबा त्याच्याकडे बघेनात. ते फरशीकडे बघत होते. फरशी लख्ख होती. “ओढतंय,” बाबा पुटपुटले. मग ओरडले, “अरे, हे ओढतंय!” मी पिशवी उचलली. तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. गाल फुगले, कान दुखले, पण हवा पलीकडे जाईना. सगळी छिद्रं खळीनं बुजली होती. हवा बाहेर पडायला वाटच नाही, तर यंत्र आत काय ओढणार? मोटर पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. मला इतका आनंद झाला की मी काही विचार न करता नाचत ओरडले, “आत्या, तुझी खळ! तुझ्या खळीनं सगळा घात केला!”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, प्रवासाची पांढरी साडी नेसून. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. तिच्यावर हात फिरवला. आणि खाली फरशीवरच बसली. आईला वाटलं तिला माझं बोलणं लागलं; आईनं माझ्याकडे असं बघितलं की माझा नाच जागच्या जागी थांबला. काका शर्ट झटकत म्हणाला, “जाऊ दे गं अक्का, झालं ते झालं. गाडी दोनची आहे.” आणि तिला एकदम रडू कोसळलं. माझ्या माहितीत ती कधी रडली नव्हती. हॉस्पिटलात जन्म काढलेली बाई. “मला जायचं नव्हतं रे,” ती म्हणाली. “मला जायचं नव्हतं. आणि मीच माझ्या हातानं...”

बाबांचे हात राखेनं भरलेले होते. ते तसेच तिच्यासमोर बसले. म्हणाले, “मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

आत्यानं डोळे वर केले. “तू विचारलंस का?”

बाहेर ट्रक रिकामा होत होता, मुरूम घसरल्याचा आवाज येत होता. खरंच कुणी विचारलं नव्हतं. बाबांना वाटलं, तिला तिकडं बरं वाटेल, आपण कशाला आडवं यायचं. तिला वाटलं, आपली इथं अडचण होते, हवेचं निमित्त बरं आहे. आईला वाटलं, भावाबहिणींच्या मधे आपण काय बोलायचं. आमच्या घरात सगळे एकमेकांचा इतका विचार करायचे की बोलायचं राहूनच जायचं. बाबांनी घसा खाकरला. “आता विचारतो,” ते म्हणाले. “राहतेस?” आत्यानं नाक पुसलं, मान हलवली. बाबा म्हणाले, “तोंडानं बोल.” ती म्हणाली, “राहते.”

“मग मी काय नुसता राख अंगावर घ्यायला आलो होतो का चिपळूणहून?” काका म्हणाला, आणि स्वतःच गडगडाटी हसला. “नलूला काय सांगू?” आई म्हणाली, “सांगा, वन्संचा शब्द ऐकायला उशीर झाला, तोवर गाडी भरली.” त्यानं बाबांचा शर्ट घातला, पोटभर पुरणपोळी खाल्ली आणि दोनच्या गाडीनं एकटाच गेला. पुढे कैक वर्षं तो आला की आधी विचारायचा, “यंत्र बंद आहे ना? मग बसतो.”

पिशवी दोन दिवस गरम पाण्यात भिजत पडली. आत्यानंच ती चोळली, दहादा पाणी बदललं. वाळल्यावर ती गोळा करून तिनं तोंडाशी धरली आणि फुंकली. दम्याची बाई, तिची फुंकर ती केवढीशी. पण कापडातून पलीकडे आली. मी हात धरला होता, मला ती लागली. “जाते गं!” आत्या म्हणाली. “हवा जाते!” मग रोज दुपारी ती स्वतः यंत्र चालवायची, आधी नाकाला पट्टी, मग पदर खोचून, दांडी धरून, वॉर्डातून राउंडला निघावं तशी. जोशीकाकूंनी सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: ‘दुपारी दोन ते चार घरगुती गिरण्या बंद ठेवाव्यात.’ आत्यानं वेळ बदलली. बुधवारातल्या त्या गृहस्थांना बाबा सांगायला गेले, तेव्हा ते पेपरातून मान काढून म्हणाले, “बरं. मग आता गालिचा घ्या.”

माझा जावई डॉक्टर आहे. तो म्हणतो, तसल्या जुन्या पिशव्यांतून बारीक धूळ परत बाहेरच येते, दम्याला त्याचा फारसा उपयोग नसावा. असेल. त्याचं शिक्षण झालंय, मी वाद घालत नाही. आत्याची शिट्टी कमी झाली हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ती आमच्याकडे माझं लग्न होऊन मला मुलं होईपर्यंत होती, आणि त्या मुलांनाही गोष्टींचे शेवट बदलून सांगत होती.

पण मला सांगायचंय ते त्या आठवड्यातलंच. आत्यानं ट्रंक रिकामी केली तेव्हा तळाशी कागदात गुंडाळलेलं एक रेशन कार्ड निघालं. क्वार्टरच्या पत्त्यावरचं, एकटीच्या नावाचं. आमच्याकडे राहायला येऊन इतका काळ झाला, पण ते तिनं बदललंच नव्हतं. दर महिन्याला बसनं तिकडच्या दुकानात जाऊन आपली साखर आणायची. आम्हाला वाटायचं, मैत्रिणींना भेटायला जाते. तिनं ते बाबांपुढे ठेवलं आणि म्हणाली, “सदा, हे तुझ्या कार्डात घाल.” दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रेशनिंग ऑफिसात गेलो. मोठी रांग होती. खिडकीतल्या कारकुनानं दोन्ही कार्डं उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “नाव तात्पुरतं चढवायचं की कायमचं?” बाबा तोंड उघडणार तोच आत्या त्यांना कोपरानं बाजूला सारून पुढे झाली.

“कायमचं,” ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की सगळी रांग वळून बघायला लागली.

“ऐकू येतं मला, बाई,” कारकून म्हणाला.

“येत असेल,” आत्या म्हणाली. “तरी नीट लिहा.”